लक्ष्मणराव किर्लोस्कर : माळरान वसविणारा कारखानदार

आपल्या सिंधुदुर्गात माडा-पोफळीच्या बागांना पाणी देणाऱ्या पंपांवर किर्लोस्कर हे नाव आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. या उद्योगाचे जनक लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म दि. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकावयास गेले. परंतु रंग नीट ओळखता येत नसल्यामुळे त्यांना यांत्रिक रेखाटनाकडे वळावे लागले. पुढे ते मुंबईतच तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावी बंधू रामूअण्णा यांच्यासमवेत सायकलींच्या व्यवसायात लक्ष घातले. त्यानंतर कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर त्यांनी तयार केले. लोखंडामुळे जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. ती दूर होईपर्यंत नांगर पडून राहिले.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. १९१० साली कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांचा वावर असलेला माळ! पाण्याचे दुर्भिक्ष होते. त्याच सुमारास पूर्वेकडे साकची येथे टाटांचे पोलाद-नगर आकार घेत होते. पण तेथे मोठे भांडवल होते, येथे मूठभर कुटुंबे होती.

लक्ष्मणरावांचे वेगळेपण येथे दिसते. कारखान्याबरोबर त्यांनी गाव वसविले. कामगारांची घरे, पाणी, झाडे, मुलांचे शिक्षण या गोष्टी नफ्यातून उरल्यास करावयाचा दानधर्म नव्हता. उद्योग चालविण्याचाच तो भाग होता. किर्लोस्करवाडीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. संस्थानच्या तुरुंगातून आणलेल्या गुन्हेगारांवर त्यांनी विश्वास टाकला व राखणीचे कामही सोपविले. त्या काळी हे धाडस किती मोठे होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे.

एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. नांगरामागून पंप आले, कोरडवाहू शेतकऱ्याला बारमाही पीक मिळाले. आणि पुढील पिढ्यांत महाराष्ट्रातील अनेक भागांत विहिरी खोल खोल जात राहिल्या. लक्ष्मणरावांच्या हयातीत हे चित्र स्पष्ट झालेले नव्हते, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. आज यंत्र विकणाऱ्याला व खाण चालविणाऱ्याला ती सबब नाही. २०२१ च्या पावसाळ्यात दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे खाणीत साठलेले पाणी फुटून चिखल लोकांच्या शेती-बागायतीत शिरला. खनिज बाहेर गेले, चिखल गावात राहिला. अशा वेळी माळरानावर स्वतः बिऱ्हाड थाटणारा कारखानदार आठवतो. ज्या विहिरीचे पाणी कामगार पीत, तेथेच मालकाचे घर होते.

१९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीलाही आग लावण्यात आली. आयुष्यभराचे काम डोळ्यांदेखत जळाले, तेव्हा लक्ष्मणराव ऐंशीच्या घरात होते. ज्या परिसराने पोसले त्यानेच जाळले, असे म्हणून कारखाना अन्यत्र हलविणे सहज शक्य होते. चिरंजीव शंतनुरावांनी पुण्यात व इतरत्र नवे कारखाने काढलेच होते. तरीही वाडी सोडली गेली नाही. कारखाना तेथेच पुन्हा उभा राहिला.

दि. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारतीय डाक विभागाने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोड स्थानकाला आज किर्लोस्करवाडी म्हणतात.