वर्गातली सगळी पोरं थोरामोठ्यांची नावं लिहीत होती, यशवंतरावांनी स्वतःचंच लिहिलं

कराडचं टिळक हायस्कूल. शेणोलीकर नावाच्या शिक्षकांनी वर्गाला विचारलं, मोठेपणी कोण व्हायचंय ते लिहून द्या. पोरांनी थोर पुढाऱ्यांची आणि लेखकांची नावं लिहिली. एका चिठ्ठीवर मात्र मुलाने लिहिलं होतं की तो यशवंतराव चव्हाण होणार. ते त्याचंच नाव होतं.

आज हा किस्सा भावी मुख्यमंत्र्याचा आत्मविश्वास म्हणून सांगितला जातो. पण त्या वयात आपल्या घोळक्यापेक्षा वेगळं उत्तर देणं किती अवघड असतं, हे शाळेत गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

यशवंतरावांचा जन्म 12 मार्च 1913 चा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. वडील प्लेगमध्ये गेले. आई विठाईंनी पोरं वाढवली, परिस्थिती बेताची. थोरले भाऊ गणपतराव सत्यशोधक विचारांचे. त्यामुळे यशवंतरावांवरचं दडपण फक्त वर्गातलं नव्हतं. बहुजन समाजातल्या बऱ्याच जणांना तेव्हा काँग्रेस ही ब्राह्मणांची वाटायची. तिकडे जाणं म्हणजे आपल्याच माणसांच्या नजरेत परकं होणं. यशवंतरावांना जोतिबा फुल्यांबद्दल आदर होता, पण आधी इंग्रज गेले पाहिजेत असं त्यांचं मत बनत गेलं. भावाशी वाद झाले. नातं मात्र तुटलं नाही, आणि या गोष्टीतली ही बाजू फार कमी सांगितली जाते.

मत पक्कं व्हायला एक बातमी कारण ठरली. लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास 63 दिवस उपोषण करून 13 सप्टेंबर 1929 ला गेले. सोळा वर्षांचे यशवंतराव रोज वर्तमानपत्राची वाट बघायचे. त्या मृत्यूने ते मुळापासून हलले.

पौगंडावस्थेत घरच्यांपेक्षा मित्रांचं मत मोठं वाटतं, असं मानसशास्त्र सांगतं. टोळकं सिगारेट ओढायला लावतं, तसंच ते धाडसही देतं. यशवंतरावांनाही कराडात चळवळीतले मित्र मिळाले. जानेवारी 1932 मध्ये गांधीजींना अटक झाली, आंदोलन पुन्हा पेटलं. 26 जानेवारीला यशवंतरावांनी शाळेच्या आवारात तिरंगा फडकावला आणि पकडले गेले.

मग खरी कसोटी आली. माफी मागितली तर सुटका होईल, असं सुचवण्यात आलं. विठाई पोराला भेटायला आल्या, बरोबर शाळेतले शिक्षक होते. अशा वेळी आईने रडून गळ घातली असती तर अठरा वर्षांचा कोणता पोरगा टिकला असता? विठाईंनी माफीला साफ नकार दिला आणि मुलाला तब्येत सांभाळायला सांगून त्या परतल्या.

शिक्षा झाली 18 महिन्यांची. येरवड्यात आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन यांच्यासारखी माणसं भेटली. शाळा सुटली होती, पण वाचन आणि चर्चा तिथे भरपूर झाली. यशवंतरावांना सोबत्यांचा असा घोळका पुन्हा क्वचितच मिळाला असेल.

सुटून आल्यावर अभ्यास तिथूनच सुरू करायचा होता. 1934 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले आणि पुढच्या शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले.