जॉन अर्नेस्ट विल्यमसन

जॉन अर्नेस्ट विल्यमसन (१८८१–१९६६) हे समुद्राखालील चित्रीकरणाचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे चित्रपट-निर्माते, छायाचित्रकार व संशोधक होते. पाण्याखाली कोरड्या कोठडीत बसून छायाचित्रण करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' (१९१६) या मूकपटासाठी त्यांनी तयार केलेला कृत्रिम ऑक्टोपस हा पडद्यावरील सुरुवातीच्या सागरी राक्षसांपैकी एक होय. बुडालेला खजिना, त्याच्या शोधात निघालेली माणसे आणि खोल पाण्यातील संकट हा पुढे अनेक स्वस्त साहसपटांचा ठरीव साचा बनला. तो विल्यमसन यांच्या चित्रपटांत फार आधीच आढळतो.

प्रारंभिक जीवन

विल्यमसन यांचा जन्म इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झाला. त्यांचे वडील चार्ल्स विल्यमसन हे जहाजाचे कप्तान व संशोधक होते. जहाजांची पाण्याखालील दुरुस्ती करणे आणि बुडालेला माल वर काढणे यांसाठी त्यांनी एक लवचिक नळी तयार केली होती. एकमेकांत अडकवलेल्या लोखंडी कड्यांची ही नळी भात्याप्रमाणे लांब किंवा आखूड करता येत असे. तिचे वरचे टोक जहाजाला जोडलेले असल्यामुळे आत मोकळी हवा खेळत राही आणि माणसाला पाणबुड्याचा पोशाख न घालता तळाशी उतरता येई. तरुणपणी जॉन अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात नॉरफोक येथे वृत्तपत्रात काम करत होते. वडिलांनी दुरुस्तीसाठी बनवलेली ही नळी छायाचित्रणालाही उपयोगी पडेल, ही कल्पना त्यांची. १९१२च्या सुमारास त्यांनी नळीत उतरून चेसापीक उपसागरात छायाचित्रे घेतली. जहाजावरून पाण्यात सोडलेल्या दिव्याच्या उजेडात घेतलेली ही छायाचित्रे यशस्वी ठरली आणि चलच्चित्रणाचा विचार पुढे आला.

फोटोस्फिअर व बहामातील चित्रीकरण

चलच्चित्रणासाठी विल्यमसन यांनी नळीच्या खालच्या टोकाला पोलादी कोठडी बसवली. तिच्या नरसाळ्याच्या आकाराच्या पुढील भागात सुमारे ५ फूट व्यासाची जाड काच होती. या कोठडीला त्यांनी 'फोटोस्फिअर' असे नाव दिले. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील गढूळ पाणी चित्रीकरणास सोयीचे नव्हते. त्यामुळे १९१४ मध्ये ते भाऊ जॉर्ज यांच्यासह बहामा बेटांवर गेले. तेथील पाणी इतके नितळ होते की सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत असे. नळी ज्या तराफावजा जहाजावरून सोडली जाई, त्याला फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न यांचे नाव देण्यात आले होते.

या मोहिमेतून तयार झालेल्या चित्रपटात प्रवाळ, मासे व स्थानिक पाणबुडे यांची दृश्ये होती. त्याचा शेवट शार्कशी झालेल्या झुंजीने होतो. या दृश्यासाठी विल्यमसन स्वतः चाकू घेऊन पाण्यात उतरले आणि कॅमेऱ्याच्या समोरच त्यांनी शार्कला मारले. समुद्रतळाचे निखळ दर्शन प्रेक्षकांना चकित करते, पण त्यांना खिळवून ठेवण्यासाठी संकट आणि झुंज लागते, ही जाण त्यांच्या पुढील सर्व कामात दिसते.

'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'

यानंतर विल्यमसन बंधूंनी युनिव्हर्सल कंपनीच्या सहकार्याने व्हर्न यांच्या प्रसिद्ध कादंबरीवरील चित्रपट हाती घेतला. स्टुअर्ट पेटन हे दिग्दर्शक होते. समुद्राखालील दृश्ये विल्यमसन यांनी बहामात चित्रित केली. पटकथेत व्हर्न यांच्या 'द मिस्टीरिअस आयलंड' या दुसऱ्या कादंबरीतील भागही गुंफण्यात आला. त्या कादंबरीत कॅप्टन नेमो हा मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार असून त्याने १८५७च्या उठावात भाग घेतला होता, असा उलगडा होतो. त्यामुळे चित्रपटातही नेमोची भारतीय पार्श्वभूमी दाखवली आहे. मात्र ही भूमिका अॅलन होलुबार या अमेरिकी नटाने रंगभूषेच्या साहाय्याने केली.

व्हर्न यांच्या कादंबरीत नॉटिलस पाणबुडीवर महाकाय स्क्विड चालून येतात. चित्रपटात त्यांच्या जागी एक ऑक्टोपस मोती काढणाऱ्या पाणबुड्याला विळखा घालतो आणि नेमो त्याची सुटका करतो. इतका मोठा प्राणी मिळवणे व त्याच्याकडून काम करवून घेणे शक्य नसल्याने विल्यमसन यांनी तो कॅनव्हास, रबर व स्प्रिंगा वापरून तयार केला. आत दडलेला पाणबुड्या दाबाखालील हवेच्या साहाय्याने त्याचे हातपाय हलवत असे. हे रहस्य काही काळ गुप्त ठेवण्यात आले आणि अनेकांनी तो प्राणी जिवंत असल्याचे मानले. पुढे या यंत्रणेचे पेटंटही त्यांनी घेतले. भोवतालचे पाणी, मासे आणि प्रवाळ खरे असल्यामुळेच हा कृत्रिम प्राणी खरा वाटला. हे या दृश्याच्या परिणामकारकतेचे मुख्य कारण होय.

खजिन्याचे चित्रपट

१९१७ मध्ये 'द सबमरीन आय' हा बुडालेल्या खजिन्याच्या शोधावरील चित्रपट आला. 'गर्ल ऑफ द सी' (१९२०) व 'वेट गोल्ड' (१९२१) हे चित्रपट त्यानंतरचे. 'वेट गोल्ड'चा विषयही समुद्रतळावरील सोनेच होता. 'द अनइन्व्हायटेड गेस्ट' (१९२४) या चित्रपटासाठी त्यांनी समुद्राखाली रंगीत चित्रीकरण केले. एमजीएम कंपनीच्या 'द मिस्टीरिअस आयलंड' (१९२९) या चित्रपटासाठीही त्यांनी बहामात काम केले. परंतु त्या निर्मितीत वारंवार अडथळे आले आणि चित्रपटाचा बराचसा भाग अखेर स्टुडिओतच तयार झाला. हौदात किंवा स्टुडिओत समुद्र उभारणे कंपन्यांना सोपे व खात्रीचे वाटू लागले, तसे खऱ्या समुद्रावर अवलंबून असलेल्या त्यांच्या पद्धतीचे महत्त्व कथापटांत कमी होत गेले.

वैज्ञानिक कार्य

रबरी ऑक्टोपससमोर ठेवलेला फोटोस्फिअर विल्यमसन यांनी विज्ञानाच्या कामीही आणला. न्यूयॉर्क येथील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे रॉय वॉल्डो माइनर यांनी बहामातील प्रवाळांच्या अभ्यासासाठी विल्यमसन यांच्या नळीचा वापर केला. त्यातून त्या संग्रहालयातील प्रवाळखडकाचा भव्य देखावा साकारला. १९२९ मध्ये शिकागो येथील फील्ड म्युझियमसाठीही विल्यमसन यांनी बहामात मोहीम काढली. 'विथ विल्यमसन बिनीथ द सी' (१९३२) या माहितीपटात त्यांची पत्नी व लहान मुलगीही दिसतात. 'ट्वेंटी इयर्स अंडर द सी' हे त्यांचे आत्मकथनपर पुस्तक आहे. १९३९ मध्ये फोटोस्फिअरमध्ये बहामाचे समुद्रतळावरील टपाल कार्यालय सुरू करण्यात आले आणि तेथून स्वतंत्र शिक्का मारलेली पत्रे रवाना होऊ लागली.

उत्तरायुष्य व वारसा

विल्यमसन यांचे निधन १९६६ मध्ये बहामाची राजधानी नासाऊ येथे झाले. त्याच्या आदल्या वर्षी बहामाने त्यांचे १९१४चे चित्रीकरण व समुद्रतळावरील टपाल कार्यालय यांवर आधारित टपाल तिकीट काढले होते.

बुडालेले जहाज व त्यावरचा सागरी राक्षस हा प्रसंग पुढे सेसिल बी. डिमिल यांच्या 'रीप द वाइल्ड विंड' (१९४२) या खर्चिक चित्रपटात महाकाय स्क्विडच्या रूपाने आला. १९५०च्या दशकात सागरी राक्षस मुख्यतः कमी खर्चाच्या चित्रपटांत दिसू लागला. 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी' (१९५५) या चित्रपटात खर्च वाचवण्यासाठी ऑक्टोपसला सहाच हातपाय ठेवण्यात आले. त्याच वर्षीच्या एड वुड यांच्या 'ब्राइड ऑफ द मॉन्स्टर'मधील रबरी ऑक्टोपस जवळजवळ निश्चल आहे; त्याच्याशी झुंजणारा नटच त्याचे हातपाय हलवताना दिसतो. विल्यमसन यांचा ऑक्टोपसही कापडाचा व रबराचाच होता, मात्र तो खऱ्या समुद्रात होता. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' या चित्रपटाची २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवड झाली.