पंडिता रमाबाई : भुकेची ओळख

मृग कोरडा जाणे म्हणजे काय, हे पिशोरच्या आसपास राहणाऱ्या आपल्या बंधुभगिनींस सांगावयास नको. विहीर आटते, कणगी रिकामी होते, आणि मनात प्रश्न उठतो की, देवाची आपणांवर प्रीती असेल, तर हे दुःख का? हाच प्रश्न पंडिता रमाबाईंपुढे जन्मभर उभा होता.

त्यांचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले, व मातेने रमाबाईंस. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी हिंडत असे. रमाबाई वयात येत असता दक्षिणेत दुष्काळ पडला. होते नव्हते ते विकून झाले. झाडपाला खाण्याची पाळी आली. प्रथम वडील, थोड्याच काळात आई आणि पुढे थोरली बहीण निवर्तली. आईच्या तिरडीस चौथा खांदेकरी मिळेना. तेव्हा रमाबाई पुढे झाल्या, आणि उंची कमी पडल्यामुळे त्यांनी तो भार डोक्यावर वाहिला.

पुढे कलकत्त्यास विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. परंतु 1880 साली भाऊ गेला, आणि 1882 साली पती बिपिन बिहारी मेधावी पटकीने वारले. पदरी तान्ही मनोरमा होती. 1883 साली वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने त्या इंग्लंडास गेल्या. पण ऐकू कमी येत असल्यामुळे तेही दार बंद झाले. मात्र तेथे ख्रिस्ती भगिनी पतित स्त्रियांची प्रेमाने सेवा करीत असलेल्या त्यांनी पाहिल्या. शोमरोनी स्त्रीशी बोलणारा प्रभू त्यांस तेथे भेटला, आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईस विधवांकरिता शारदा सदन उघडले. ते पुढे पुण्यास नेले. 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या. त्या हाडांच्या सापळ्यांत त्यांना आपलेच बाळपण दिसले. सुमारे 300 मुली व स्त्रिया त्यांनी आणिल्या. पुणे व दौंड यांच्या दरम्यान केडगाव येथे मुक्ती सदन वाढले; 1900 च्या सुमारास तेथे सुमारे 1,900 जीव राहत होते. शेत, माग, छापखाना, आंधळ्यांची शाळा, सर्व तेथे चाले.

जुलै 1921 मध्ये मनोरमाही गेली. साठी उलटलेल्या मातेने तरीही, खेड्यातील बाईस समजेल अशा मराठीत शास्त्राचे भाषांतर करण्याचे काम सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या.

रमाबाईंस शिकविण्याकरिता देवाने दुष्काळ पाडला, असे म्हणावयास आम्ही धजत नाही. आईबाप उपाशी का मेले, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात सापडत नाही. इतके मात्र दिसते की, जे डोके आईच्या तिरडीखाली वाकले, त्याच डोक्यावर देवाने शेकडो अनाथांचा भार ठेविला, आणि ते खचले नाही. उपाशी मुलीजवळ कसे बसावे, हे त्यांस कोणी शिकवावे लागले नाही.

उपदेशक बंधूंनो, शोकाच्या घरी जाताना घाईने उत्तरे नेऊ नका. आपण सोसलेले दुःख आठवून तेथे बसा; भाकरी असेल तर ती न्या. आपल्या अश्रूंचाही प्रभू उपयोग करील.