सायफर्ट यांचा अर्धा हिशेब

१३ जून १९६० रोजी अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मोटार अपघातात कार्ल सायफर्ट गेले. वय अवघे ४९. आपण १७ वर्षांपूर्वी काय शोधून ठेवले आहे, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

क्लीव्हलँडचा हा मुलगा हार्वर्डला गेला तो डॉक्टर व्हायला. तिथे बार्ट बॉक यांची व्याख्याने ऐकली आणि तो आकाशाच्या नादी लागला. १९४० साली सायफर्ट कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत आले. ज्यांचा गाभा ताऱ्यासारखा लखलखतो, अशा सहा दीर्घिकांचे वर्णपट त्यांनी तपासले. त्यातल्या काही तेजस्वी रेषा चांगल्याच रुंद होत्या. वायू काही आपल्याकडे धावतो, काही दूर पळतो, म्हणून रेषा पसरते. वेग निघाला सेकंदाला ८,५०० किलोमीटरपर्यंत! १९४३ साली निबंध छापून आला. पण जग युद्धात गुंतले होते आणि खुद्द सायफर्ट सैनिकांना दिशाशोधन शिकवत होते.

१९४६ साली ते नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले. तिथे होती एक लहानशी दुर्बीण. सायफर्ट यांनी गावातल्या व्यापारी-उद्योजकांना गळ घातली. कुणी सामान दिले, कुणी पैसे. १९५३ साली २४ इंची दुर्बिणीची डायर वेधशाळा उभी राहिली. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला या खटपटीचे फार कौतुक वाटते.

१९६३ साली क्वेसार ओळखू आले आणि शास्त्रज्ञांना सायफर्ट यांच्या सहा दीर्घिका आठवल्या. गोफणीतला दगड जितका जोरात फिरवावा, तितकी दोरी घट्ट धरावी लागते. मग इतक्या वेगाच्या वायूला कोण धरून ठेवते? कृष्णविवर!

त्याचे वजन काढायला वेगाबरोबर अंतरही हवे. गाभा उजळला की काही दिवसांनी रुंद रेषा उजळतात. प्रकाशाला तिथवर जायला लागलेला हा वेळ. त्यावरून अंतर मिळते. वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले गुरुत्वस्थिरांक; वायूच्या मांडणीसाठी थोडी दुरुस्ती केली, की वस्तुमानाचा अंदाज हाती येतो. त्या सहांपैकी एनजीसी ४१५१ या दीर्घिकेतले कृष्णविवर काही कोटी सूर्यांएवढे भरते.

अशा दीर्घिकांना आता सायफर्ट यांचेच नाव आहे. आणि वजन काढताना आजही त्यांच्यासारखीच रेषेची रुंदी मोजावी लागते.