भानपुऱ्याच्या भट्टीवरचा राजा

इंदूरच्या राजवाड्यासमोर उभे राहिले की होळकर घराण्यातील दोन नावे हटकून आठवतात, मल्हारराव आणि अहिल्यादेवी. यशवंतराव होळकरांचे नाव तिसरे यावे आणि तेही थोड्या अडखळत यावे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. पुणे लुटणारा बंडखोर ही त्यांची प्रतिमा पेशवाईच्या इतिहासाने इतकी घट्ट केली, की त्यांच्या अखेरच्या वर्षांतील एका विलक्षण उद्योगाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. हा राजा भट्टीपुढे उभा राहून स्वतः तोफा ओतत होता.

३ डिसेंबर १७७६ रोजी पुणे प्रांतातील वाफगाव येथे यशवंतरावांचा जन्म झाला. ते तुकोजी होळकरांचे पुत्र, पण औरस वारस नव्हते. १७९७ च्या ऑगस्टमध्ये तुकोजी वारले आणि महिनाभरातच दौलतराव शिंद्यांच्या फौजेने पुण्यात त्यांचे बंधू मल्हारराव यांना ठार केले. यशवंतराव निसटले. पुढची दोन वर्षे त्यांनी रानोमाळ भटकत, भिल्ल आणि पेंढाऱ्यांची जमवाजमव करीत काढली. १८०१ मध्ये दुसरे बंधू विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून जाळले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतरावांनी शिंदे आणि पेशवे यांच्या संयुक्त सैन्याचा धुव्वा उडवला, तो या पार्श्वभूमीवर. बाजीराव वसईला पळाला व तेथे त्याने इंग्रजांशी तह केला. त्याची फळे साऱ्या महाराष्ट्राने भोगली.

तरुणपणीच यशवंतरावांचा एक डोळा गेला होता. तो शत्रूच्या वाराने गेला नव्हता. नेमबाजी करताना हातातली तोड्याची बंदूकच फुटली होती. दारूचा भडका पेलणारी धातू खोटी निघाली तर काय होते, हे या माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यांच्या पुढच्या हट्टाशी या अपघाताचे नाते जोडण्याचा मोह होतो. नाते असो वा नसो, हट्ट मात्र खरा होता.

१८०४ मध्ये कंपनीशी युद्ध जुंपले. कर्नल मॉन्सनची पलटण मुकुंदऱ्याच्या खिंडीतून मागे हटली, पावसाने माळव्याची काळी माती लोण्यासारखी झाली आणि चिखलात रुतलेल्या तोफांना खिळे ठोकून त्या टाकून देण्याची पाळी इंग्रजांवर आली. ऑगस्टअखेर मॉन्सन आग्र्याला पोहोचला तेव्हा त्याच्या फौजेची दशा दैन्यवाणी होती. पण नोव्हेंबरात डीगच्या लढाईत फासे उलटले. होळकरांच्या ८७ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. भरतपूरच्या मातीच्या तटाने लॉर्ड लेकचे चार हल्ले परतवले खरे. मात्र पंजाबातून मदत मिळेना, तेव्हा २४ डिसेंबर १८०५ रोजी बियास नदीकाठी राजपूरघाटावर तह करण्यावाचून यशवंतरावांना गत्यंतर उरले नाही.

त्या तहात एक कलम होते, की कंपनीच्या संमतीवाचून होळकरांनी कोणाही युरोपियनास चाकरीत ठेवू नये. वरवर पाहता हे किरकोळ कलम. प्रत्यक्षात मराठी राज्यांच्या तोफखान्यांचा बराच भार फ्रेंच, इंग्रज व पोर्तुगीज कारागिरांवर आणि अधिकाऱ्यांवर होता. शिवाय युद्धाच्या तोंडावर यशवंतरावांनी आपल्याच तीन इंग्रज अधिकाऱ्यांचा शिरच्छेद करवला होता, त्यामुळे तो विश्वासही संपला होता. आता तोफा हव्या तर स्वतः ओतायच्या, एवढाच मार्ग होता.

माळव्याच्या उत्तरेस भानपुरा येथे त्यांनी कारखाना घातला. पुढे त्या प्रदेशाचा कारभार पाहिलेल्या जॉन माल्कमने नोंदवून ठेवले आहे, की यशवंतराव भट्टीजवळ ठाण मांडून बसत, रस ओतण्याचे काम प्रसंगी आपल्या हातांनी करीत, आणि थोड्याच महिन्यांत दोनशेच्या वर पितळी तोफा तयार झाल्या.

बोलीत पितळी म्हटले तरी तोफेची खरी धातू म्हणजे तांबे आणि कथील यांचे मिश्रण. तांब्याच्या नऊ-दहा भागांस कथिलाचा एक भाग, हे साधारण प्रमाण. कथील कमी पडले तर नळी मऊ राहते आणि गोळ्यांच्या घासण्याने आतून झिजते. जास्त झाले तर धातू घंटेसारखी खणखणीत होते, पण ठिसूळ होऊन तडकते. जुन्या मोडक्या तोफा वितळवून नव्या ओतायच्या म्हटल्या तर आणखी एक अडचण येते. प्रत्येक वितळणीत कथील जळून थोडे कमी होते, म्हणून ते पुन्हा घालावे लागते. घरगुती पितळेची मोड त्यात मिसळली तर जस्त धुरावाटे उडून जाते आणि ओतीव नळीत पोकळ्या राहण्याचा धोका असतो. लोखंडी तोफ स्वस्त पडे, परंतु ती पूर्वसूचना न देता फुटे. तांबे-कथिलाची आधी फुगते, गोलंदाजाला सावध करते. जातभाईंच्या जिवाची किंमत जाणणारा राजा महाग धातू का निवडतो, याचे उत्तर एवढ्यात आहे.

गोमंतकीय वाचकास या विद्येचे अप्रूप वाटू नये. सतराव्या शतकात मकावला ज्याच्या ओतशाळेचे नाव झाले तो मानुएल तावारीश बोकारो मूळ गोव्याच्या ओतकारांच्या घराण्यातला. फरक इतकाच, की बोकारोंच्या पाठीशी पिढ्यांचा अनुभव आणि एका साम्राज्याची तिजोरी होती. भानपुऱ्याला पाठीशी होते ते पराभवाचे शल्य.

हलक्या घोडदळाचा हा सेनापती तोफांच्या नादी लागला हीच त्याची चूक, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. डीगचा अनुभव पाहता त्यात तथ्यांशही आहे. पण किल्ले घ्यायचे, पलटणी फोडायच्या आणि कलकत्त्यापर्यंत धडक मारायची, तर नुसत्या भाल्यांवर भागणार नव्हते, हे यशवंतरावांचे गणित मला अधिक सरळ वाटते. त्यांच्या चरित्रातील खरा काळा डाग वेगळा आहे. पुतण्या खंडेराव आणि बंधू काशीराव यांच्या मृत्यूंचा संशय त्यांच्यावरच आला, आणि तो धुऊन काढणारा पुरावा कोणी पुढे आणलेला नाही.

भट्टीची धग, अतोनात मद्यपान आणि अहोरात्र श्रम यांनी १८०८ च्या सुमारास त्यांच्या बुद्धीचा तोल गेला. आवरेनासे झाले तेव्हा त्यांना बांधून ठेवावे लागे. तीन वर्षे या अवस्थेत काढून २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्यातच त्यांचे देहावसान झाले. वय अवघे चौतीस. तेथे त्यांची छत्री आजही उभी आहे.

सहा वर्षांनी, २१ डिसेंबर १८१७ रोजी, महिदपूरजवळ क्षिप्रेच्या काठी होळकरांचा तोफखाना अखेरचा धडाडला. नदी ओलांडून समोरून चढाई करणाऱ्या कंपनीच्या फौजेचे मृत व जखमी मिळून आठशेच्या घरात लोक पडले, आणि होळकरांचे गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. साठाहून अधिक तोफा इंग्रजांनी नेल्या. सुमारे दोन आठवड्यांनी मंदसोरचा तह झाला आणि संस्थान म्हणून उरलेल्या राज्याची राजधानी इंदूरला आली.