पदवीविना आचार्य

लँडस्केप आर्किटेक्चर हा विषय आज जगातील अनेक विद्यापीठांत शिकविला जातो. आपण त्याला भूदृश्यरचना म्हणू. बाग फुलविणे एवढाच त्याचा अर्थ नाही. जमिनीचा उतार, माती, पाण्याचा निचरा, झाडांच्या सवयी, रस्त्यांची आखणी आणि माणसांची वर्दळ या साऱ्यांचा मेळ विद्यार्थ्याला घालावा लागतो. अमेरिकेत या विद्येचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात, त्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने मात्र महाविद्यालयाची एकही पदवीपरीक्षा दिली नव्हती.

त्याचा जन्म २६ एप्रिल १८२२ रोजी कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथे झाला. चार वर्षांचा होण्याआधीच आई गेली. वडील कापडाचे सधन व्यापारी. माणूस अबोल, पण डोंगरदऱ्या पाहण्याचा त्यांना विलक्षण नाद. मुलांना घोडागाडीत घालून ते दूरदूर हिंडवून आणीत. आपल्या आवडीचे मूळ फ्रेडरिक पुढे याच सहलींत शोधी. शिक्षण मात्र निरनिराळ्या खेड्यांतील पाद्र्यांच्या घरी, तुकड्यातुकड्यांनी झाले. येल महाविद्यालयात जाण्याचे ठरत होते, तोच १८३७ साली सुमाक नावाच्या विषारी झुडपाची बाधा होऊन डोळे अधू झाले आणि तो बेत बारगळला. धाकटा भाऊ जॉन पुढे येलमध्ये शिकू लागला. त्याच्यासोबत फ्रेडरिक काही व्याख्यानांना जाऊन बसला, तेवढाच त्याचा महाविद्यालयाशी संबंध.

पुढची वीस वर्षे पाहिली तर कोणाही बापाने कपाळाला हात लावावा. एका भूमापकाकडे उमेदवारी, न्यूयॉर्कच्या पेढीत कारकुनी, १८४३ साली खलाशी होऊन चीनची सफर आणि तेथून आजारी होऊन परत. मग वडिलांनी घेऊन दिलेल्या स्टेटन बेटावरील जमिनीत शेती. पण या भटकंतीतच त्याचे विद्यापीठ होते, असे मला वाटते. शेतीने त्याला निचरा आणि माती शिकविली. १८५० मध्ये तो भावासह इंग्लंडमध्ये पायी हिंडला. तेथे लिव्हरपूलजवळ जोसेफ पॅक्स्टनने आखलेले बर्कनहेडचे उद्यान त्याने पाहिले. लोकांच्या पैशातून झालेल्या त्या बागेत गरीबश्रीमंत सारखेच फिरत होते. ते दृश्य त्याच्या मनातून गेले नाही. नंतर वार्ताहर म्हणून दक्षिणेतील गुलामगिरीच्या राज्यांत हिंडून त्याने जे लिहिले, त्यानेच तो प्रथम नावारूपाला आला.

१८५७ साली त्याची भागीदारी असलेली प्रकाशनसंस्था बुडाली. पस्तिशीचा, कर्जात सापडलेला हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या नियोजित सेंट्रल पार्कवर देखरेखीच्या नोकरीला लागला. त्याच वर्षी जॉन क्षयाने वारला. वास्तुविशारद कॅल्व्हर्ट व्हॉक्सने त्याला आराखड्याच्या स्पर्धेत जोडीला घेतले आणि १८५८ मध्ये ३३ आराखड्यांतून या दोघांचा निवडला गेला. शहराची आडवी रहदारी त्यांनी चार खोलगट रस्त्यांतून नेली, म्हणजे बागेत फिरणाऱ्याला ती दिसूही नये. पायी चालणारे, घोडेस्वार आणि गाड्या यांच्या वाटा वेगळ्या केल्या. दलदलीची तळी झाली. आज जे निसर्गनिर्मित वाटते ते बहुतेक हातांनी घडविलेले आहे. १८५९ साली त्याने भावाच्या विधवेशी, मेरीशी, विवाह केला आणि तिची तीन मुले आपली मानली.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची, मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती होती. त्यांची घरे, चर्च आणि शाळा १८५७ पर्यंत उठविण्यात आली. निर्णय शहराचा होता आणि आराखड्याच्या आधीचा होता, पण सर्वांसाठी म्हणून झालेली बाग काहींच्या अंगणावर उभी राहिली हे खरेच.

पुढे ब्रुकलिन, बफेलो, बॉस्टन अशी कामे वाढत गेली. बॉस्टनमध्ये सांडपाण्याने कुजलेली खाडी साफ करायची होती. तेथे पूर सामावून घेईल असा खोलगट भाग आखून त्यात खारे पाणी सोसणाऱ्या वनस्पती लावाव्या लागल्या. इथे अभियंता आणि वनस्पतीचा जाणकार एकाच माणसात हवा. ओल्मस्टेड अनुभवाने मोठा, पण वनस्पतिशास्त्रातील आपली तूट तो जाणून होता. १८८३ साली चार्ल्स एलियट नावाचा हार्वर्डचा पदवीधर त्याच्या कचेरीत उमेदवार म्हणून आला. हा विषय शिकविणारा अभ्यासक्रमच नसल्याने एलियट त्याआधी शेती आणि बागकामाच्या वर्गांत बसला होता. पुढे तो भागीदार झाला.

स्वतःच्या धाकट्या मुलावर ओल्मस्टेडची भिस्त अधिक. जन्मतः हेन्री असे ठेवलेले त्याचे नाव बापाने बदलून स्वतःचेच दिले. केवढे ओझे हे एका पोरावर! मुलगा १८९४ मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला, तरी बाप त्याला बिल्टमोर इस्टेटीच्या कामावर ठेवून झाडांचा अभ्यास करण्याविषयी पत्रांतून बजावीत राहिला. त्याची स्वतःची स्मृती तेव्हा ढासळू लागली होती. १८९३ साली हार्वर्ड आणि येल या दोघांनीही त्याला सन्माननीय पदवी दिली. डोळ्यांनी हिरावलेले येल असे एकाहत्तराव्या वर्षी मिळाले.

१८९७ मध्ये एलियट अवघ्या सदतिसाव्या वर्षी मेंदूज्वराने गेला. त्याचे वडील हार्वर्डचे अध्यक्ष होते. मुलाच्या स्मरणार्थ १९०० साली त्यांनी तेथे भूदृश्यरचनेचा अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेतील हा पहिलाच. तो उभारण्याचे काम आले धाकट्या ओल्मस्टेडकडे.

वृद्ध ओल्मस्टेड त्या वेळी तेथून काही मैलांवरच, मॅक्लीन मनोरुग्णालयात होता. त्या रुग्णालयाच्या जागेविषयी एके काळी त्यानेच सल्ला दिला होता. तेथेच २८ ऑगस्ट १९०३ रोजी त्याचा अंत झाला.