पाश्चर यांचा डावा हात

लुई पाश्चर म्हटले की सर्वांना लस आठवते. मला त्यांचा लुळा डावा हात आठवतो. १९ ऑक्टोबर १८६८ रोजी, वयाच्या ४५व्या वर्षी, त्यांना पॅरिसमध्ये अर्धांगाचा झटका आला. डॉक्टरांनी जळवा लावल्या. मेंदूत रक्तस्राव आहे की गुठळी, हे पाहण्याचे साधनच तेव्हा नव्हते. आज सीटी स्कॅनने ते कळते. गुठळी असल्यास योग्य रुग्णाला साडेचार तासांच्या आत ती विरघळवणारे औषध देतात. पाश्चरांनी मात्र अंथरुणावरूनच रेशीमकिड्यांवरील टिपण सांगून लिहवून घेतले. १८८५ साली कुत्रा चावलेल्या जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलाला टोचलेली रेबीजची लस याच माणसाच्या प्रयोगशाळेतली. म्हणून वाटते, झटका आल्यावर तास दवडू नयेत. आणि त्यातून उठलेल्या माणसाला मोडीतही काढू नये.